मातीचा ळ

आधी उपकार, मग हकीकत. माझ्या हाताला अक्षर लागलं ते महाडच्या आमच्या छापखानेवाल्या मास्तरांमुळे. त्यांच्या घरच्या काकूंचाही त्यात वाटा आहे. खरं सांगायचं तर चीन देशातल्या एका माणसाचाही आहे, पण तो नऊशे वर्षांपूर्वीच वारला, म्हणून त्याचे आभार मास्तरांच्या मार्फतच पोचते करतो. मास्तरांचं नाव मी इथं घालत नाही. त्यांना ते खपायचं नाही. "छापणाऱ्याचं नाव तळाशी, बारीक टायपात, आणि तेही कायदा सांगतो म्हणून," असं ते म्हणत. तरी एवढं छातीवर हात ठेवून सांगतो, की सावित्रीच्या दोन्ही काठांवर मिळून चीन देशावर एवढा जीव असलेला माणूस दुसरा झाला नाही. चीनची भिंत, चिनी रेशीम, चिनीमातीच्या बरण्या यांच्याशी मास्तरांना काहीही कर्तव्य नव्हतं. पोलादपूरच्या पलीकडं ते कधी गेले नव्हते. त्यांचा चीन म्हणजे खिळे. चिन्यांनी मातीचे खिळे कसे केले, लाकडाचे कसे केले, कुठल्या खणात ठेवले, कशानं चिकटवले, हे त्यांनी एका जुन्या पुस्तकात वाचलं होतं आणि ते त्यांना स्वतःच्या लग्नाच्या तिथीपेक्षा पक्कं ठाऊक होतं. लग्नाच्या तिथीबद्दल काकूंची तक्रारच होती.

आता खिळे म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं जे आलं तेच माझ्याही आलं होतं. मी मूळचा माणदेशातला. आंबेनळीचा घाट चढायचा, महाबळेश्वर ओलांडायचं, सातारा मागं टाकायचा, आणि झाडं दिसेनाशी झाली की समजायचं माझा मुलूख आला. बाप कुंभार. माझी शाळा सुटली ती दुसरीत, आणि सुटली म्हणजे घंटा होऊन नव्हे. विसाव्या-एकविसाव्या वर्षी वीटभट्टीच्या टोळीबरोबर महाडला आलो. पावसाच्या तोंडावर भट्टी मोडली, टोळी माघारी गेली, आणि मी मागं राहिलो, कारण घरी जाऊन खाणारं एक तोंड वाढवायचं नव्हतं. एस.टी. स्टँडाजवळच्या हॉटेलात कुणीतरी कुणाला तरी सांगत होतं, "तळ्याकडच्या गल्लीत मास्तरांना खिळे जुळवायला माणूस पायजे हाय." मी एवढंच ऐकलं. भट्टीवरच्या सुताराची हातोडी मागून घेतली आणि गल्ली शोधत गेलो.

आत एक उंच, वाळके गृहस्थ उभे. नाकावर चष्मा, कपाळावर दुसरा चष्मा, बोटं काळी, धोतर काळं, कानाच्या पाळीलाही शाई. माझ्या हाताकडं बघून म्हणाले, "हातोडी कशाला रे?"

"खिळं ठोकाय."

त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि मला नीट बघितलं. मग भिंतीकडच्या पेटीतून शिशाची बोटभर काडी काढून माझ्या तळहातावर ठेवली. तिच्या टोकाला इवलंसं अक्षर होतं. "हा खिळा. असे खिळे ओळीत जुळवायचे, शाई लावायची, वर कागद दाबायचा. याला हातोडी लावलीस तर मराठी भाषेतलं एक अक्षर मरेल. वाचता येतं का?"

"येतं की," मी म्हणालो. तोवरच्या आयुष्यात एवढं मोठं खोटं मी बोललो नव्हतो.

"घरचा धंदा?"

"कुंभारकी."

मास्तर एवढ्या जोरात वळले की मागची खुर्ची पडली. "कुंभार! अगं ऐकलंस का? कुंभार आलाय!"

आतून काकूंचा आवाज आला, "मंग दोन मडकी घ्या. जुनं गळतंय."

पण मास्तर मडक्यांच्या पलीकडं गेले होते. त्यांनी मला उभ्या उभ्या सगळी कथा सांगितली. चीन देशात एक साधा माणूस होता, जाडंभरडं कापड नेसणारा. त्यानं ओल्या चिकणमातीवर अक्षरं कोरली, नाण्याच्या कडेएवढी पातळ. ती विस्तवात भाजून कडक केली. लोखंडी पत्र्यावर राळ, मेण आणि कागदाची राख पसरली, त्यावर ती अक्षरं मांडली, पत्रा तापवला, वरून फळीनं दाबून सारखी केली. गार झाल्यावर अक्षरं घट्ट! छापून झालं की पुन्हा तापवायचं, अक्षरं मोकळी. असे पत्रे दोन. एकावर छपाई चाले तोवर दुसऱ्यावर जुळणी. "युरोपला ही अक्कल यायला पुढं चारशे वर्षं लागली," मास्तर म्हणाले, आणि माझ्याकडं असं बघितलं जणू चारशे वर्षांचा तो मान माझ्या घराण्याचा होता. वाचून दाखव म्हणायचं ते विसरले. मी हातोडी पाठीमागं लपवली आणि कामाला लागलो.

मास्तरांचं एक पेटंट वाक्य होतं: "चिन्यांकडे यावर इलाज होता." कोर्टातले वकील नोटिशीचे फॉर्म छापायला येत, त्यांचा कागद ओला निघाला तर चिन्यांकडे यावर इलाज होता. जत्रेच्या हँडबिलात देवाचं नाव मावत नसलं तरी होता. काकूंच्या गुडघेदुखीवरही होता, पण तो त्यांना आठवत नसे. ऐकलेला इलाज करून बघितल्याशिवाय मात्र त्यांना चैन पडत नसे. चिन्यांची अक्षरं हजारोंनी, म्हणून ते खिळे यमकाप्रमाणं लावून ठेवत, ज्यांचा शेवट एकसारखा ती एका खणात. मास्तरांनी एका सकाळी आमची पेटी रिकामी केली आणि यमकाप्रमाणं लावायला घेतली. क, ख, ग, घ म्हणून बघितलं. च, छ, ज, झ म्हणून बघितलं. दुपारी जेवायच्या वेळेला त्यांच्या लक्षात आलं की मराठीत सगळ्यांचं यमक एकच, म्हणजे चिनी शास्त्राप्रमाणं सगळी बाराखडी एकाच खणात यायला पाहिजे. "आपली लिपी फार पुढारलेली आहे," एवढंच म्हणून ते जेवायला बसले.

राळ आणि मेणाच्या प्रयोगासाठी लोखंडी पत्रा लागला, तेव्हा काकूंचा भाकरीचा तवा गेला. काकू पोलादपूरकडच्या, खेड्यातल्या. त्यांच्या मनात तो चिनी माणूस म्हणजे गल्लीतच कुठंतरी राहणारा मास्तरांचा दोस्त होता. दारात उभ्या राहून त्या म्हणायच्या, "मेल्यानं तवा नेलान! त्याच्या घरात बायको नाय काय?" पुढं पुढं त्यांना खरं काय ते कळलं, पण सवय गेली नाही. चिमटा सापडेनासा झाला की त्या मलाच विचारत, "बघ रे, त्या चिन्यानं ठेवलान काय कुठं?"

मी पहिला दीड महिना कसा काढला ते मी जाणतो आणि परमेश्वर जाणतो. दुसरीतली अक्षरं कधीच पुसली होती. विटा मोजून मोजून आकडे तेवढे राहिले होते. पण मला चिन्यांनी वाचवलं. तिकडच्या एका मामलेदारानं, म्हणजे मास्तर त्याला मामलेदार म्हणत, लाकडाचे खिळे करून ते दोन मोठ्या गोल फिरत्या टेबलांवर मांडले होते. मध्ये एक माणूस बसे. दुसरा कागद बघून आकडा पुकारी. मधला टेबल फिरवून त्या आकड्याचा खिळा उचली. मास्तरांनी बैलगाडीचं जुनं चाक आणलं, उखळावर आडवं बसवलं, वर फळ्या ठोकल्या, खण पाडले, खणांना खडूनं आकडे घातले. मास्तर ओरडत, "सतरा!" मी चाक फिरवी आणि सतरातला खिळा देई. "बेचाळीस!" बेचाळीसमधला. कुठल्या अक्षराला सतरा म्हणतात याची चौकशी मी केली नाही. मास्तर खूष होते. गावात सांगत, "माझा माणूस बघा, एक खिळा चुकत नाही."

मग एके दिवशी त्यांना वाटलं, चाक कुरकुरतंय. त्यांनी त्याला वंगण घातलं, भरपूर घातलं, आणि कसं चालतं बघावं म्हणून एक हिसका दिला. चाक सुटलं ते सुटलंच. पहिल्या फेऱ्यात स्वर उडाले, दुसऱ्यात व्यंजनं, आणि मात्रा-वेलांट्या तर थेट गल्लीत गेल्या. चाक थांबलं तेव्हा जमिनीवर सगळी मराठी भाषा पसरली होती. मास्तर हळूच म्हणाले, "चिन्यांकडे यावर..." आणि थांबले. ते वाक्य अर्धं राहिलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

वेचायला बसलो. मास्तर म्हणाले, "तू तुझ्या बाजूचे लाव." मी लावले. शेपटीवाले एकीकडं, काठीवाले एकीकडं, पोटवाले एकीकडं. मास्तर माझा पोटवाल्यांचा ढीग बघत राहिले. त्यात व होता, ब होता, क होता, आणि पाठमोरा पडलेला एक सातचा आकडा होता.

"तुला वाचता येत नाही," मास्तर म्हणाले.

"न्हाय."

"मग येतं का म्हणालास?"

"हातोडी घिऊन मागं फिरायची लाज वाटली."

मला वाटलं, झालं. आता बोचकं उचला. मास्तर हसायला लागले ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "तिकडच्या खिळे उचलणाऱ्यांना तरी वाचता येत होतं का, कोण जाणे! उद्यापासून रोज पाच खिळे शिकायचे."

पण हे बोलणं काकूंनी ऐकलं होतं. त्या सरळ माणूस, मनात ठेवायच्या नाहीत. ताटं वाढताना म्हणाल्या, "माझा भाचा सातवी पास हाय. दिवाळीला येतोय. वाचनारा मानूस घरचाच असला तर न वाचनाऱ्याला कशाला ठेवायचा? दोघांना पुरंल एवढं काम तरी हाय काय तुमच्याकडं?" मास्तर खाली मान घालून म्हणाले, "तेवढं नाही, खरं आहे." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "दिवाळीला अजून वेळ आहे." तेवढाच वेळ माझ्या हातात होता. त्यानंतर वाचता आलं तर महाड, नाही तर घाट.

मग मी शिकलो. रोज पाच खिळे. ते धुवायचे, पुसायचे, बोटानं चाचपायचे, नाव घ्यायचं, खणात टाकायचे. जेवताना भाकरीच्या तुकड्यात मला ट दिसायचा. काकू दिसल्या की आधी का दिसायचा, मग कू. महिना-दोन महिन्यांत डोळे मिटून खिळा बोटात धरला तरी कोण आहे ते सांगायला लागलो.

दिवाळीच्या तोंडावर कुडपणकडच्या डोंगरातल्या एका वाडीचे आजोबा छापखान्यात आले. वाडीतले सगळ्यांत वडील तेच. वाडीनं अंगमेहनतीनं शाळा बांधली होती, घराघरातल्या माणसानं डोक्यावरून दगड वाहिले होते. पाडव्याला शाळा उघडायची, मुंबईला असलेले सगळे येणार, आणि दगड वाहणाऱ्यांची नावं मोठ्या टायपात छापून शाळेच्या भिंतीवर लावायची. यादी चौसष्ट जणांची. आणि चौसष्टच्या चौसष्ट सकपाळ.

मास्तर म्हणाले, "वर एकदा सकपाळ घालू आणि खाली नुसती नावं देऊ."

आजोबांना ते लागलं. "म्हंजे खाली नुसता धोंडू नि बाळू? दगड काय सगळ्यांनी मिळून एकच वाहिलान? एकेकानं एकेक वाहिलान. सकपाळ पन एकेकाला पायजे. टिंब नाय, रेघ नाय, आख्खा सकपाळ."

आजोबा पाडव्याच्या आदल्या दिवशी येतो सांगून गेले. मास्तरांनी मोठ्या टायपाची पेटी उघडली. ळ होते बावीस. लागणार होते चौसष्ट, शिवाय यादीत सात बाळू आणि चार काळू. मुंबईहून खिळे मागवायला वेळ नव्हता. मला घाम फुटला. मास्तरांच्या चेहऱ्यावर मात्र असा आनंद पसरला की मला भीतीच वाटली.

"चिन्यांकडे यावर इलाज होता! अगदी हाच! रोज लागणाऱ्या अक्षरांचे ते वीस-वीसच्या वर खिळे करून ठेवत. आणि एखादं अक्षर नसलंच, तर तिथल्या तिथं मातीवर कोरायचं आणि गवताच्या जाळावर भाजायचं." आणि ते माझ्या हातांकडं बघायला लागले.

सावित्रीच्या काठची माती मी आणली, दगड-काड्या काढून तुडवली. मास्तरांनी आपलं डोकं चालवलं. शिशाचा ळ मातीत दाबायचा, तो साचा भाजायचा, साच्यात पुन्हा माती दाबायची, तीही भाजायची. मी म्हणालो, "मास्तर, भाजली की माती आवळती." ते म्हणाले, "किंचित आवळेल." दोनदा आवळून निघालेला ळ उडदाच्या दाण्याएवढा होता.

"हे चिन्यांनी कुठं लिहिलेलं नाही," मास्तर म्हणाले.

"त्यांच्यात कुंभार न्हवता का?"

मास्तरांनी दोन्ही चष्मे काढले. "आजपासून मातीच्या बाबतीत तू मास्तर," ते म्हणाले. त्या छापखान्यात माझा शब्द चालला तो त्या दिवशी पहिल्यांदा. मग मी ळ वाढत्या अंगानं घेतले, एकेक हातानं कोरला, सावलीत वाळवला, परसात पेंढ्याच्या आणि गोवऱ्यांच्या जाळात घातला. काकू चुलीजवळून ओरडत होत्या, "भाकरीला जाळ नाय, नि ळ ला हाय!" पण एवढं बोलून स्वतःच आणखी दोन गोवऱ्या घालून गेल्या. फुटले ते फुटले, उरलेले त्यांच्याच सहाणेवर घासून शिशाच्या उंचीला आणले. इकडं मास्तरांनी राळ आणि मेण कढवायला घेतलं, आणि गार झालं का बघायला त्यात उजवा अंगठा बुडवला. गार झालं नव्हतं.

तेव्हा यादी जुळवायची पाळी माझ्यावर आली. मास्तर अंगठ्याला फडकं बांधून शेजारी बसले आणि नावं पुकारत गेले. या खेपेला आकडे नव्हते, अक्षरं होती. दोन दिवस लागले. छापयंत्राच्या पहिल्या दाबाला तीन ळ जागीच मेले, म्हणून यंत्र सोडून शुद्ध चिनी पद्धतीनं, कागद वर ठेवून हातानं घासून छापायचं ठरलं. घासायला नारळाच्या सोडणाचा कुंचा, तोही काकूंच्या मोरीतला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी आजोबा आले. काकूंचा भाचाही तोवर आला होता, तेल लावून भांग पाडलेला, खिशाला पेन. आजोबा बाकावर टेकले आणि म्हणाले, "मला वाचता येत नाय, मास्तर. एकेक नाव बोलून दाखवा. कोन राहिलान तर वाडीत माझं तोंड दाखवायला जागा नाय."

मास्तरांनी छापलेला कागद माझ्या हातात दिला. "हा वाचेल."

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. भाचा सरसावून बसला. मी कागद डोळ्यांपुढं धरला आणि माझ्या पायांखालची जमीन गेली. एकही अक्षर ओळखीचं नव्हतं. सगळी जणू माझ्याकडं पाठ करून उभी होती. जी अक्षरं मी स्वतः कोरली, भाजली, जुळवली, त्यांच्यातलं एकही मला ओळख देईना. अर्धं मिनिट गेलं असेल. भाच्यानं कागदासाठी हात पुढं केला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, आरशातल्यासारखं. मी शिकलो होतो ते खिळ्यांवरून. जगातलं सुलटं अक्षर मी दुसरीनंतर बघितलंच नव्हतं!

मी कागद भाच्याच्या हातात ठेवला, जुळणीच्या पाटाशी गेलो, आणि खिळ्यांवर बोट ठेवून वाचायला लागलो. "धोंडू रामा सकपाळ. बाळू गोविंद सकपाळ. काळू धोंडू सकपाळ..." घडाघडा. आजोबा प्रत्येक नावाला मान हलवत होते, मध्येच म्हणत होते, "हा, यानं पायरीचा मोठा दगड आनलान," "हा चालताना शिव्या देत होता, पन आनलान." भाचा कागदावर बोट फिरवत माझ्या मागोमाग येत होता. चौसष्टावं नाव संपलं तसं तो म्हणाला, "बरोबर हाय. एक पन चुकला नाय."

आजोबा उठून पाटावर वाकले. "हा असा उलटा वाचतोय? आनि तू सुलटा?" भाच्यानं मान डोलवली. आजोबा काकूंकडं वळले. "वैनी, सुलटं तर कोन पन वाचंल. जो उलटं एवढं वाचतो तो सुलटं किती वाचत असंल!"

मास्तरांनी फडकं बांधलेल्या अंगठ्यानं माझी पाठ दाबली.

एवढ्यात भाचा म्हणाला, "पन यातले काही ळ उलटे हायत. आनि काही जाडे." ते खरं होतं. घाईत मी पाच-सहा ळ सुलटे कोरले होते, ते कागदावर मान वळवून बसले होते. आणि मातीचे सगळेच ळ शिशाच्यापेक्षा अंगानं भरलेले, कडांना रवाळ. आजोबांनी आपलं नाव दाखवायला सांगितलं. त्यांचा ळ जाडा तर होताच, उलटाही होता.

"हा कशाचा?"

"मातीचा," मास्तर म्हणाले. "सावित्रीच्या काठची."

"आनि धोंडूचा?"

"शिशाचा."

मला वाटलं आता भांडण. झालं खरं, पण भलतंच. "मंग धोंड्यानं काय पाप केलान?" आजोबा म्हणाले. "आपल्या मातीत डोक्यावर दगड वाहायचा नि नाव लागायचं मुंबईच्या शिशाचं? सगळ्यांना मातीचाच ळ पायजे." मास्तर एवढे हरखले की वेळ किती उरलाय ते विसरले. आणखी बावीस ळ! संध्याकाळपर्यंत ते मी कोरले. माती अर्धवट वाळलेली, तरी चुलीच्या कडेनं आणि काकूंच्या आशीर्वादानं भाजले. दोन तडकले, ते तडकलेलेच लावले. उलटे ळ सरळ करून देतो म्हणालो, तर आजोबा म्हणाले, "माझा उलटाच राहू दे. मुंबईवाल्यांना लांबून कळंल कुठला मी तो." पाडव्याला शाळेच्या भिंतीवर कागद लागला तेव्हा, असं ऐकलं, ज्यांचे ळ सुलटे होते ते जरा हिरमुसले होते.

भाचा फार चांगला मुलगा होता. चार दिवस त्यानं खिळे जुळवून बघितले आणि काकूंना म्हणाला, "आत्या, या उलट्या कामात माझं डोकं गरगरतं." पुढं तो एस.टी.त चिकटला आणि तिथं त्याचं उत्तम चाललं. मी राहिलो. पहिल्याच आठवड्यात आईला हातानं पत्र लिहिलं, आयुष्यातलं पहिलं. गावच्या गुरुजींना ते वाचता येईना. शेवटी न्हाव्याच्या आरशापुढं धरून त्यांनी ते आईला वाचून दाखवलं. उत्तर आलं: 'पत्र पावले. आई विचारते की तू चीनला गेलास का.' ते ऐकून मास्तर तीन दिवस हसत होते. काकूंनी स्वतःची कुंकवाची आरशी मला दिली आणि म्हणाल्या, "घे. आता सुलटं शीक रे, आईचा जीव घाबरा नको करू." त्या आरशीत बघून मी सुलटं वाचायला शिकलो.

मग चीनशी लढाईचं वर्ष आलं. गावातली पोरं मास्तरांना मागून 'चिनी, चिनी' म्हणायला लागली. एक हवालदार चौकशीला आला, चहा पिऊन आणि मातीच्या खिळ्यांची सगळी कथा ऐकून गेला, पुन्हा आला नाही. मास्तर म्हणाले, "नऊशे वर्षांपूर्वीच्या माणसाशी माझं भांडण कसं असेल?" पण त्या दिवसांत त्यांचं वाक्य बदललं. "त्यांच्याकडे यावर इलाज होता," असं ते म्हणायचे, तेही आवाज उतरवून. कुणाकडे, ते सांगायचे नाहीत. मला ते ऐकवत नसे. काकूंनाही ऐकवलं नसावं. एकदा भर बाजारात त्या मोठ्यानं बोलल्या, "ज्यानं माझा तवा नेलान तो भला मानूस होता!"

त्यानंतर मास्तरांनीच मला पुढं धाडलं. "इथं तुला शिकवायचं होतं ते संपलं," म्हणाले. त्यांच्या चिठ्ठीवर मी आज नागपूरला एका मोठ्या छापखान्यात आहे, घरापासून लांब आणि महाडपासून त्याहूनही लांब. इथं सगळे हुशार आहेत. चूक झाली की अजून मला वाटतं, आता बोचकं उचला. दोन महिन्यांमागं मास्तरांचं पत्र आलं, पण अक्षर भाच्याचं. मास्तरांच्या डोळ्यांना आता बारीक टाइप दिसत नाही, मोठाच तेवढा दिसतो. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारलं होतं: 'माझ्या पुस्तकाची शेवटची पानं गेलेली आहेत, हे तुला मी कधी बोललो नाही. त्या माणसाच्या माघारी त्याच्या मातीच्या खिळ्यांचं काय झालं, ते मला आजवर कळलेलं नाही. तुझ्याकडं विद्वान माणसं आहेत. कळलं तर कळव.'

आमच्या इथले एक वयस्क मुद्रितशोधक, पुष्कळ वाचलेले, त्यांना मी विचारलं. त्यांनी आठवडाभर शोधून सांगितलं. ज्या गृहस्थानं त्या माणसाविषयी लिहून ठेवलं, त्याच्याच घरच्या मंडळींकडं ते खिळे आले, आणि त्यांनी ते जपून ठेवले.

हे मी कार्डावर लिहून टाकलेलं नाही. मास्तर, तुमच्या पुस्तकाचं हे गेलेलं पान मी स्वतः जुळवणार आहे, इथल्या सर्वांत मोठ्या टायपात, तुमच्या डोळ्यांना दिसेल एवढ्या. एकच प्रत काढीन. ती घेऊन महाडला येईन, आणि तुम्ही वाचेपर्यंत शेजारी बसून राहीन.